जक्कयाचा हिशेब

मराठी बायबल वाचताना 'खंडणी' हा शब्द आला की नवखा वाचक हमखास दचकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही; रोजच्या वर्तमानपत्रात खंडणी येते ती गुंड, बिल्डर आणि पोलीस ठाणे यांच्या संगतीने. शुभवर्तमानात मात्र हा शब्द येशूच्या तोंडी आहे. थोरपणासाठी आपसात चढाओढ करणाऱ्या शिष्यांना तो सांगतो, की मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नव्हे, तर सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे. मार्कच्या १० व्या अध्यायातले हे ४५ वे वचन मी रविवारच्या शाळेत घडाघडा म्हणून दाखवले होते आणि बक्षीस मिळालेली दुरंगी पेन्सिल कितीतरी दिवस तासली नव्हती. गुलामाला किंवा बंदिवानाला सोडवण्यासाठी भरायची रक्कम, हा खंडणीचा तिथला अर्थ. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या तोंडी तारण, उद्धार, मुक्ती हे शब्द सहज येतात, पण त्यांच्या तळाशी हा देण्याघेण्याचा रोखठोक शब्द बसलेला आहे. सुटका आणि सेवा या दोन गोष्टी त्या वचनात एका दमात का आल्या असाव्यात, हा प्रश्न मला चाळिशी उलटून जाईपर्यंत पडला नव्हता. पडला तोही पैशामुळेच.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नऊ वर्षे एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट होतो. शहरातल्या तरुण वाचकासाठी हे काम काय असते ते सांगायला हवे. ज्यांची मिळकत रोजची आणि रोखीची असते अशा माणसांकडे, म्हणजे भाजीवाल्या, टपरीवाले, पंक्चर काढणारे, चांभार, इस्त्रीवाले यांच्याकडे, दररोज संध्याकाळी जायचे, दहा, वीस, पन्नास रुपये घ्यायचे, त्यांच्या कार्डावर तारखेपुढे आकडा टाकून सही करायची आणि दुसऱ्या दिवशी कलेक्शन शीटसह रक्कम संस्थेत भरायची. शंभरामागे तीन रुपये कमिशन. हल्ली हातात छोटे यंत्र असते आणि त्यातून पावती निघते. माझ्या काळात सगळा व्यवहार कागदावर होता. त्या व्यवहाराची गोम अशी, की कार्डावर लिहिणारा हात माझा आणि शीटवर लिहिणारा हातही माझाच. मधल्या जागेत पाहणारा तिसरा डोळा नव्हता.

त्या मधल्या जागेत मी चौदा महिने राहिलो. कार्डावर ५० लिहायचे आणि शीटवर ३०. कधी वीस कमी, कधी दहा. खातेदार ३१ आणि एकूण रक्कम ८६,४०० रुपये, हे आकडे नंतर संस्थेच्या लोकांनी काढले. मी तोवर बेरीज करण्याचे टाळत आलो होतो. मुलाचे आजारपण किंवा बहिणीचे लग्न असे एखादे कारण असते, तर ही हकिगत सांगायला सोपी गेली असती. तसे काही नव्हते. बाजारपेठेतल्या लॉटरीच्या दुकानात पडद्यावर आकडे फिरायचे आणि मी त्यांच्याकडे बघत उभा राहायचो, एवढेच कारण.

उघडकीस आले ते एका भाजीवाल्या मावशींमुळे. मुलीच्या लग्नासाठी त्यांना पैसे काढायचे होते. कार्डावर १८,२५० रुपये होते, म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस रोजचे ५०, एका दिवसाचाही खाडा नाही. संस्थेच्या खतावणीत ११,९०० निघाले. खिडकीतल्या कारकुनाने कार्ड दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि मला आत बोलावून घेतले. मी गेलो तेव्हा मावशी बाकड्यावर बसून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "दादा, माझंच मोजायला चुकलं असंल. मी आडाणी बाई. कवाकवा तीसच दिलं असतील."

मी म्हणालो, "बघतो, मावशी."

त्यांनी चार लोकांत शिव्या घातल्या असत्या, तर मला पुढची वर्षे बरीच सोपी गेली असती. ६,३५० रुपये मी घेतले होते हे खरेच, पण त्याहून महागाची वस्तू मी उचलली होती आणि ती कोणत्याही खतावणीत दिसणार नव्हती. वीस वर्षे तराजू धरणाऱ्या, मेथीच्या जुड्यांचा आणि उधारीचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्या त्या बाईचा स्वतःच्या मोजदादीवरचा भरवसा मी काढून घेतला होता. चोर समोर उभा असताना ती स्वतःवर संशय घेत होती, आणि मी तो तिला घेऊ दिला.

पुढचे थोडक्यात सांगतो. बायकोचे चार तोळे, माझी मोटारसायकल आणि मेहुण्याकडून घेतलेले उसने पैसे यांतून ८६,४०० रुपये भरले. संस्थेने ते ज्याच्या त्याच्या खात्यावर जमा केले, मला काढून टाकले आणि प्रकरण पोलिसांत नेले नाही. गाव सोडून पुण्याला आलो आणि एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन झालो. जवळच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊ लागलो तो भक्तीने नव्हे. उपासनेनंतर चहा मिळायचा, गीते ओळखीची होती आणि माझे नाव कोणाला माहीत नव्हते. माझे वडील मिशन शाळेत मास्तर होते, बाप्तिस्मा, दृढीकरण सगळे वेळच्या वेळी झालेले होते; धर्म माझ्या अंगावर शाळेच्या गणवेशासारखा होता, मापाचा पण मी न निवडलेला. तो आत केव्हा उतरला याची तारीख मला सांगता येत नाही. नेमकी तारीख आणि वेळ सांगणाऱ्या लोकांचा मला हेवा वाटतो, आणि थोडा संशयही येतो.

आमच्याकडे 'साक्ष देणे' नावाची रीत आहे. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले, ते मंडळीपुढे उभे राहून सांगायचे. चांगली रीत आहे, पण वर्षानुवर्षांच्या वापराने तिला एक ठरीव चाल आली आहे: आधी अंधार, मग एक रात्र, मग उजेड; अंधार जितका गडद, तितका उजेडाला टाळ्यांचा जोर. एका संजीवन सभेत मी साक्ष दिली. मी पापी होतो, पैशाच्या मोहात सापडलो होतो, प्रभूने मला उचलले, असे बोललो. पतसंस्था म्हणालो नाही, पिग्मी म्हणालो नाही, मावशींचा तर उल्लेखही नाही. बायका डोळे पुसत होत्या. सभा संपल्यावर चार जणांनी हात हातात घेऊन सांगितले, की तुमच्यावर देवाचा हात आहे, तुम्ही वचनाच्या सेवेत उतरा. मलाही तसे वाटू लागले. बायबल प्रशिक्षणाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा अर्ज मी आणून ठेवला आणि शिफारशीसाठी आमच्या वृद्ध पाळकसाहेबांकडे गेलो.

त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "साक्ष चांगली झाली. ज्यांचं घेतलंस त्यांच्यापुढं दिलीस का ही?"

मी म्हणालो, की पैसे तर परत गेले.

"संस्थेनं भरून घेतले. मी साक्षीचं विचारतोय." मग अर्ज माझ्याकडे सरकवत म्हणाले, "देवाचं पाचारण म्हणजे व्यासपीठ नव्हे रे. तुला जिथून सोडवलं तिथं परत जायचा आवाज येतोय का, तेवढं आधी ऐक."

मला राग आला होता. सोसायटीच्या फाटकाशेजारच्या केबिनमध्ये, डास मारत, रात्री दोनच्या सुमारास मी लूकचा १९ वा अध्याय उघडला तो पाळकसाहेबांना खोटे ठरवण्यासाठी. क्षमेचे एखादे सरळ, विनाअट उदाहरण मला हवे होते आणि जक्कयाची गोष्ट मुलांच्या गाण्यात असल्यामुळे ती तशीच असणार असे मी धरून चाललो होतो. ठेंगू जक्कय येशूला बघायला झाडावर चढतो. मराठी बायबलात ते झाड उंबराचे आहे, आणि उंबराखाली दत्त पाहायची सवय असलेल्या आपल्या मुलखात त्या फांदीवर एक जकातदार बसलेला पाहणे मला लहानपणापासून गमतीचे वाटत आले आहे. पण या वेळी माझे लक्ष झाडाकडे गेले नाही. जक्कय जकातदार होता, नुसता जकातदार नव्हे तर यरीहोतल्या जकातदारांचा मुख्य. लोकांकडून गोळा करायचे, वर भरायचे आणि मधल्या जागेत जे उरेल ते आपले, हा त्याचा धंदा. त्याच्या आणि माझ्या धंद्यात दोन हजार वर्षांचे अंतर होते, पण शीट तीच होती.

येशू त्याला काय म्हणाला, हे मी त्या रात्री चार वेळा वाचले. तो पैशाविषयी एक अक्षरही बोलत नाही. खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे, एवढेच. पाहुणा आधी येतो, हिशेब नंतर निघतो, आणि तोही जक्कय आपणहून काढतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट. हा चौपटीचा आकडा हवेतून आलेला नाही. मोशेच्या नियमशास्त्रात चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले तर एकाबद्दल चार द्यावीत असे आहे. आणि गणनेच्या पुस्तकात असेही आहे, की माणसाने आपला अपराध आपण होऊन कबूल केला तर मुद्दल आणि त्यावर पाचवा हिस्सा द्यावा. म्हणजे आपण होऊन बोलणाऱ्याला वीस टक्क्यांत सुटता येत होते, आणि जक्कयाने स्वतःला पकडलेल्या चोराचा दर लावून घेतला.

ड्यूटीच्या वहीच्या मागच्या पानावर मी आकडे मांडले. चौपट म्हणजे ३,४५,६००. पाचव्या हिश्शासह म्हणजे १,०३,६८०. त्यातले मुद्दल गेले होते, उरले १७,२८०. माझा पगार तेव्हा सात हजार होता. चौपटीचा आकडा मी खोडला नाही, पण त्याखाली रेघही मारली नाही. अमर्याद कृपेच्या गोष्टीत मी रात्री दोन वाजता टक्केवारी काढत बसलो होतो, यावर एखादा धर्मपंडित हसेल. हसू दे. ज्याने आकड्यांनी पाप केले त्याला पश्चात्तापही आकड्यांतच सुचतो.

याच सुमारास मंडळीच्या वाचनालयातल्या एका जुन्या, कव्हर नसलेल्या पुस्तकात मला जॉन न्यूटन भेटला. इंग्लंडमधल्या या माणसाची गोष्ट साक्षीच्या सभांमध्ये मी दहा वेळा ऐकली होती: गुलामांची वाहतूक करणारा खलाशी, १७४८ च्या मार्चमध्ये अटलांटिकवर वादळात सापडतो, देवाचा धावा करतो, वाचतो, आणि पुढे धर्मोपदेशक होऊन गीते लिहितो. सभेत ही गोष्ट वादळाशी संपते. पुस्तकात मात्र ती तिथे सुरूच झाली नव्हती. वादळानंतर न्यूटनने गुलामांचा व्यापार सोडला नाही. उलट १७५० ते १७५४ या काळात तो स्वतः कप्तान होऊन तीन सफरींवर गेला, खाली तळघरात साखळदंडांत माणसे आणि वर केबिनमध्ये प्रार्थना करणारा कप्तान. त्याने समुद्र सोडला तो विवेकाने नव्हे, एका आजाराने. नंतर लिव्हरपूलच्या बंदरात तो काय झाला, तर जकात खात्याचा अधिकारी! हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. १७६४ मध्ये त्याला धर्मदीक्षा मिळाली, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहून आपला स्वतःचा वाटा त्याने जाहीरपणे कबूल केला तो १७८८ मध्ये. वादळापासून मोजली तर मध्ये चाळीस वर्षे गेली.

या चाळीस वर्षांबद्दल न्यूटनला दांभिक म्हणणारे लोक आहेत आणि त्यांना मी खोडून काढू शकत नाही. पण मला धरून ठेवले ते त्यानंतरच्या गोष्टीने. त्या व्यापाराची ब्रिटनमध्ये चौकशी सुरू झाली, तेव्हा प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळापुढे आणि नंतर संसदेच्या समितीपुढे या म्हाताऱ्या धर्मगुरूने साक्ष दिली. साक्ष, म्हणजे आमच्या सभेतली नव्हे, कचेरीतली. जहाजावर माणसे कशी रचत, किती मरत, त्यांना कसे वागवत, हे तो सांगू शकला, कारण ते त्याने केले होते. त्याच्या भूतकाळाला क्षमा मिळाली होती, पण त्या भूतकाळाची रजा झाली नव्हती. उलट तोच कामाला लावला गेला. मराठीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे आणि आम्ही मंडळीवाल्यांनी त्यातला कचेरीचा अर्थ सोयीने गाळून टाकला, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. कचेरीतल्या साक्षीदाराला टाळ्या मिळत नाहीत. त्याला तपशील विचारतात.

न्यूटनचा आणखी एक प्रसंग पाळकसाहेबांना आवडायचा. १७८५ च्या डिसेंबरात संसदेचा एक तरुण सभासद, विल्यम विल्बरफोर्स, त्याला गुपचूप भेटायला आला. नवा जन्म झाल्याच्या भरात राजकारण सोडून धर्मसेवेत जावे असे त्याच्या मनात घोळत होते. न्यूटनने त्याला सांगितले, की आहे तिथेच राहा. विल्बरफोर्स राहिला, पुढची वीस वर्षे तो त्या एका विधेयकाच्या मागे लागला, आणि १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा झाला; त्याच वर्षाच्या डिसेंबरात ८२ वर्षांचा न्यूटन वारला. पाळकसाहेब ही गोष्ट सांगून झाल्यावर माझ्या अर्जाचे पुढे काय झाले, असे मिस्किलपणे विचारायचे.

त्या वर्षी मंडळीची सहल केडगावला गेली. नगरकरांनी घोटाळा करू नये. आमच्या नगरला लागून असलेले केडगाव वेगळे, हे पुणे-दौंड लोहमार्गावरचे, पंडिता रमाबाईंचे केडगाव. मुक्ती मिशनच्या आवारात झाडांच्या सावलीतून फिरताना मार्गदर्शक बाई एकेका सदनाचे नाव सांगत होत्या आणि 'कृपा सदन' या नावाशी मी अडलो. ज्या बायकांना गाव 'बिघडलेल्या' म्हणून बाहेर काढते, त्यांच्यासाठी रमाबाईंनी उघडलेले हे घर. दुष्काळातल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी काम करणाऱ्या बाईंना हे सुचले कसे, याचा धागा लंडनपर्यंत जातो. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या धर्मभगिनींच्या मठात राहिल्या, आणि त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलम इथले आपले काम दाखवले. तिथे त्यांना अशा बायका भेटल्या, ज्या एकेकाळी रस्त्यावर होत्या आणि आता बदलून त्याच प्रकारच्या दुसऱ्या बायकांची शुश्रूषा करत होत्या. असे काही त्यांनी त्याआधी कधी पाहिले नव्हते. तुम्ही यांची काळजी का घेता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले, आणि उत्तरादाखल तिने योहानाच्या ४ थ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती झालेले पंडित निळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या तर्कशुद्ध पत्रांचाही त्यात वाटा होता, पण रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत फुलमची ती भेट विसरू दिली नाही.

शोमरोनी बाईची गोष्ट अशी. भर दुपारी ती एकटी विहिरीवर येते. गावाच्या बायकांबरोबर सकाळी येत नाही, यावरून भाष्यकार बरेच काही काढतात. विहिरीवर बसलेला परका यहुदी तिच्याकडे पाणी मागतो, आणि बोलता बोलता तिचे पाच नवरे आणि आताचा, जो नवरा नाही, हे सगळे तिच्यापुढे ठेवतो. पुढे ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि ज्या लोकांना टाळत होती त्यांनाच सांगते, की मी केलेले सगळे ज्याने मला सांगितले तो माणूस येऊन पाहा. एवढ्या वर्षांत मी या गोष्टीवरची किमान वीस प्रवचने ऐकली आणि ती सगळी जिवंत पाण्याविषयी होती. तिच्या पहिल्याच वाक्यात तिचा भूतकाळ आहे, आणि तो ती गावापुढे स्वतः उच्चारते, याकडे माझे लक्ष कृपा सदनाच्या दारात गेले.

रमाबाईंशी स्वतःची तुलना करण्याचा उद्धटपणा माझ्या मनात नाही. त्यांचा भूतकाळ त्यांच्यावर कोसळलेला होता, माझा मी हाताने रचला. पुराणे सांगत तीर्थांतून फिरणारे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीने गेली, भाऊ ढाक्यात गेला, लग्नाला दोन वर्षेही पुरी होण्याआधी पटकीने नवरा गेला. तेविसाव्या वर्षी मांडीवर लहान मुलगी. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवणाऱ्या या विदुषी उठून मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली गाड्या भरून घेऊन आल्या, आणि त्यांना ठेवायला पुण्यात जागा नाही म्हणून केडगावच्या शेतावर मुक्ती सदन उभे राहिले. उपास म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाने खाऊन दिवस काढलेल्या पोरक्या मुलीचा तो जुना अनुभव हे त्यांच्या पाचारणाचे कारण होते असे मी म्हणत नाही. कारण देव जाणे. देवाच्या त्या हुकमावर लिहिलेला पत्ता मात्र त्या अनुभवाचाच होता.

परतीच्या बसमध्ये पाळकसाहेब माझ्या शेजारी झोपले होते. मी त्यांना उठवले नाही, पण अर्ज घरी गेल्यावर फाडला.

गावी गेलो तो बुधवारी, आठवड्याच्या बाजारी. खिशात ३१ नावांची वही आणि पहिल्या पाच जणांच्या पाचव्या हिश्शाची पाकिटे. मावशी त्याच जागी होत्या, केस पांढरे झालेले, बाजूला मुलगा कांदे तोलत होता. मी उकिडवा बसलो आणि सांगितले: मावशी, तुम्ही रोज पन्नासच देत होता. तुमचे मोजायला एक दिवसही चुकले नव्हते. कार्डावर मी पन्नास लिहायचो आणि संस्थेत तीस भरायचो. ते पैसे मी घेतले आणि त्या दिवशी तुमच्यासमोर गप्प बसलो. मी पुढेही काही ठरवून आलो होतो, क्षमेचे, प्रभूचे. ते तोंडातून निघाले नाही, आणि आता वाटते, की निघाले नाही तेच बरे झाले.

मावशी मेथीवर पाणी शिंपडत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या दिसापासनं म्या पैसं मोजायचंच सोडलं. ल्योक मोजतो."

मी पाकीट पुढे केले. १,२७० रुपये होते. हे कशाचे, असे त्यांनी विचारले; मी पाचव्या हिश्शाचे जमेल तसे सांगितले. त्यांनी पाकीट उघडले नाही, मुलाकडे दिले. त्याने नोटा मोजल्या, माझ्याकडे एकदा पाहिले आणि गल्ल्यात टाकल्या. "बाजूला व्हा, गिऱ्हाईक हाये," एवढेच तो म्हणाला.

बाकीच्यांचे सांगायला बसलो तर हा लेख संपणार नाही. एकाने पाकीट घेऊन माझ्या अंगावर परत फेकले आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवून मागवून घेतले. दोघे वारले होते. एकाच्या सुनेने, सासऱ्यांचे पैसे गेले होते हेच आम्हाला माहीत नव्हते, असे सांगितले, तेव्हा मी तिला एक नवे दुःख आणून दिले की काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ३१ नावांपुढे खुणा व्हायला चार वर्षे लागली. चौपटीची रेघ अजून मारलेली नाही.

मुलगी नोकरीला लागल्यावर मी पुणे सोडून गावी परतलो. आता बाजाराच्या दिवशी सकाळी बँकेच्या पायरीवर बसतो. पैसे भरायच्या आणि काढायच्या स्लिपा भरून देतो, पासबुकातल्या नोंदी वाचून दाखवतो, आधार जोडणीचे फॉर्म, निराधार योजनेचे अर्ज, पीकविम्याचे कागद, जे येईल ते. पैसे घेत नाही आणि दुसऱ्याचे पैसे हातातही धरत नाही. कोणी "जरा मोजा ना, भाऊ" म्हणून नोटा पुढे केल्या तरी दोन्ही हात मांडीखाली घालून बसतो, आणि ज्याच्या त्याला मोजायला लावतो. अक्षर न येणाऱ्या बायकांना आकडे ओळखायला शिकवणे हे सुरुवातीला माझ्या डोक्यात नव्हते. नोटा त्यांना कळतात, नाणी कळतात, व्यवहार माझ्याहून चांगला कळतो. फक्त छापील आकड्यापुढे त्या मान खाली घालतात. ते आकडे शिकायला फार दिवस लागत नाहीत. शून्य ते नऊ, मग उजवीकडून डावीकडे एकं, दहं, शतं. पायरीवर खडूने लिहितो आणि दुपारी शिपाई पाणी मारून पुसून टाकतो. गावातले काही लोक मला अजून 'तो पिग्मीवाला' म्हणूनच ओळखतात आणि नव्या माणसाला माझ्याकडे पाठवताना, कशामुळे ते सांगूनच पाठवतात. त्याची मला आता सवय झाली आहे.

मावशी पहिले वर्षभर फिरकल्या नाहीत. मग एका बुधवारी मुलगा आजारी म्हणून एकट्याच आल्या, स्लिप भरून घेतली आणि आत गेल्या. बाहेर येऊन पायरीच्या कडेला बसल्या, पदराच्या गाठीतून नोटा काढल्या आणि अंगठा जिभेला लावून एकेक करून मोजल्या. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मी दुसऱ्या एका आजोबांचा फॉर्म भरत होतो, वर पाहिले नाही. पैसे बांधून झाल्यावर त्यांनी पासबुक माझ्यापुढे धरले, शिल्लक किती ते विचारले, मी सांगितली.

मग त्या उठल्या, रांगेत उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या मुलाला बाजूला घेतले आणि पासबुक त्याच्यापुढे उघडून म्हणाल्या, "लेकरा, ह्ये वाच बरं परत एकदा."